जादा ब्रेक

"रस्ता माणसाला कधी फसवत नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले, आणि गाडी त्यांनी अलगद कुणाच्या तरी गोठ्याच्या अंगणात नेऊन उभी केली.

समोर भिंत होती. भिंतीपाशी एक बाई बादली धरून उभी होती, आणि बदकांचा घोळका काचेतून आत कोण आलंय ते पाहत होता.

"मुद्दामच वळलो," मास्तर म्हणाले. "म्हटलं, तुला बदकं दाखवावीत."

"छान आहेत हो," त्यांची बायको म्हणाली. "आता घ्या मागे. मागे मोकळं आहे. डावीकडे तेवढा एक खांब आहे बघा, काय नक्षी आहे त्याच्यावर!"

खांबावर नक्षीबिक्षी काही नव्हती. पण मास्तरांनी खांबाला मान देऊन गाडी मागे घेतली. गाडी वळून निघाली तशी बादलीवालीने तिच्या पाठीवरचं 'शिकाऊ' वाचलं आणि समजुतीने मान हलवली.

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं. उरलेलं अर्धं गाव रस्ता जपून ओलांडायला आपोआप शिकलं. गाडी शिकवायची शाळा बंद झाली तेव्हा टपावरची पाटी उतरवली, पण मागचं 'शिकाऊ' खरवडूनही पुरतं गेलं नाही, आणि शेजारच्या सीटपुढचा जादा ब्रेकही तसाच राहिला. त्या सीटवर बसून मास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका पायाखाली दाबल्या होत्या. आता तिथे बायको बसे. तिला स्वतःला गाडी येत नव्हती. पहिल्याच धड्याला दोघांचं असं वाजलं होतं की दुसरा धडा झालाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दर गुरुवारी दोघं खेड्यापाड्यांतून फिरायला निघत. कुठे पोचायचं नसे, कसली घाई नसे. आईबाबा मजा करतायत, असं मुलगी सगळ्यांना सांगे.

मजा अशी होती की मास्तरांना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसे, मधोमध धुकं बसलं होतं, आणि तिरपं ऊन समोरून आलं की कडाही जात. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. एकदा त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि "हा कपच गळका आहे" म्हणाले, तेव्हा तिने तो चांगला धडधाकट कप मुकाट्याने फेकून दिला होता.

न फेकून सांगते कुणाला! मागे गाडी दुरुस्तीला गेली होती, तेवढे दिवस मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाढी नाही, जेवण नावापुरतं. एकदा भिंतीलाच म्हणाले, "आता मला उचलून न्यायला टेम्पोच बोलवा." हा विनोद होता. ती हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

मुलीला मात्र संशय आला होता. "आई, रविवारी मी येतेय, आणि गाडीची किल्ली घेऊन जाणार आहे," तिने बजावलं होतं. "तू फक्त एवढं सांग, बाबांना नीट दिसतं ना? तू हो म्हणालीस तर मी गप्प बसेन."

आई तेव्हा म्हणाली होती, "दूध उतू जातंय, नंतर बोलू."

तर गुरुवारची वाटणी अशी होती. मास्तर चालवायचे आणि बायको सृष्टीसौंदर्याचं वर्णन करायची. "अगंबाई, किती मेंढरं! रस्ताभर पसरलीत." "हा ट्रॅक्टर बघा, अगदी आपल्याच अंगावर येतोय, रंग किती लाल!" आयुष्यात कधी न बोललेलं कौतुक ती आता तासन् तास बोलत होती. आणि वर्णनाला उशीर झाला की ती पाय दाबे. जादा ब्रेक करकरत खाली जाई आणि गाडी थांबे. घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालणाऱ्या मास्तरांनी त्या पेडलला कधी थेंबभर तेल घातलं नव्हतं. "करकरू दे, त्याचंही वय झालंय," म्हणायचे.

"हल्ली माझा ब्रेक कसा लागतो, बघितलंस?" ते विचारत.

"लोण्यासारखा," ती म्हणे. रात्री पोटरीत पेटके येत. एका पायावर दोन जीव आणि एका माणसाची अब्रू तोलायची म्हणजे गोळे येणारच.

त्या दिवशी बदकांनंतर अर्ध्या तासाने एक वळण आलं. वळणावर एक मुलगी सायकल ढकलत रस्त्याच्या मधोमध चालली होती. बायकोच्या तोंडून शब्दच फुटेना. मुलीचा फ्रॉक गोड आहे, एवढं म्हणायलाही वेळ नव्हता. तिने अंगातलं सारं बळ पायात घातलं. पेडल किंचाळलं.

गाडी थांबली. मडगार्ड आणि सायकलचं चाक यांच्यात वीतभर अंतर असेल. मुलीने वळून पाहिलं, जीभ काढून दाखवली आणि निघून गेली.

मास्तर स्टिअरिंग धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती.

"काय होतं?" त्यांनी विचारलं. मग घाईने म्हणाले, "म्हणजे, दिसलं मला. तुला दिसलं ना?"

"वासरू होतं," ती म्हणाली.

पुढे एका झाडाखाली त्यांनी गाडी लावली. मास्तरांनी थर्मास उघडला. त्याच्या तुटलेल्या कानाला निळी टेप होती. चार वेढे, टोक आत दुमडलेलं. चष्म्याच्या दांडीला तशीच, टॉर्चला तशीच. मोडलेलं उघडं ठेवायचं नाही, हे मास्तरांचं तत्त्व होतं आणि ते वेढे त्यांची सही. तिने उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. ते निसटलं आणि घरंगळत जादा ब्रेकच्या मागे गेलं.

ती वाकली. हात आत घालून चाचपू लागली. अंड्याच्या आधी बोटांना एक तार लागली. पेडलपासून निघालेली ती तार जेमतेम वीतभर पुढे जाऊन संपत होती. टोक कापलेलं होतं. कापलेल्या टोकावर निळी टेप होती. चार वेढे. धूळ बसून ती करडी झाली होती.

वाकल्या वाकल्या तिने एकेक वेढा बोटाने चाचपला.

"सापडलं का गं?" वरून मास्तरांनी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. "अंडंच आहे."

त्यांनी मान वळवली नाही. कप दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "मळलं असेल. टाकून दे."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

"कुठे आहात? मजा चाललीय ना? आई, त्या दिवशी तू उत्तर दिलं नाहीस. आता दूध नाहीये. खरं सांग, बाबा नीट चालवतात?"

मास्तर उतरून पुढची काच पुसत होते. काच स्वच्छ होती. एकच जागा ते पुन्हा पुन्हा पुसत होते, मधली.

चौथा वेढा कसा सफाईने आत दुमडला होता, ते अजून तिच्या बोटांवर होतं.

"नीट चालवतात," ती म्हणाली. "आणि काळजी कशाला? ब्रेक दोन दोन आहेत गाडीला."

मास्तरांचं फडकं क्षणभर थांबलं. मग ते येऊन बसले, पट्टा लावला, आरसा उगीच हलवून परत होता तिथे आणला.

"निघायचं?"

"निघा. हळूहळू जाऊ."

गाडी रस्त्याला लागली. थोडं पुढे गेल्यावर, रस्ता अगदी मोकळा असताना, तिने पाय हळूच दाबला. पेडल करकरलं. शेजारी मास्तरांचा पाय हलला आणि गाडी शहाण्यासारखी मंदावली.

तिने पाय तिथेच ठेवला.

ऊन कलायला लागलं होतं. घर पश्चिमेला होतं.