पुढचं घर, मागचं घर

ए सम्राट, मोबाईल ठेव खाली आन् आधी ऐक. मधीच तोंड घालू नगंस, न्हायतर माझं सांगायचं सुटंल.

आमच्या गल्लीतला बाळासो. त्याच्या पुढच्या अंगाला धाकट्या भावाचं, जोतीरामचं घर. स्लॅब, टाईल्स, जिना, समदं झ्याक. आन् त्याच्या पाठीला बाळासोचं. पांढऱ्या मातीच्या भिती, वर कौलं, पावसाळ्यात भित फुगती म्हणून लाकडाचा टेकू दिल्याला. वाटणीत जोतीरामला मोकळी जागा आली, थोरल्याला जुनं घर. जोतीराम एमआयडीसीत लागला, त्यानं बांधलं. बाळासो म्हशीतच ऱ्हायला.

बाळासोचं पोरगं राजवर्धन. कामाला वाघ, पर चौतीस वय झालं तरी लगीन जमंना. पोरीकडची यायची, च्या प्यायची, त्या फुगल्याल्या भितीकडं बघायची आन् कळवतो म्हणून जायची. मग फोन बी उचलायची न्हाईत. राजवर्धनची आई चिमणाबाई तर कांदा चिरायला घेतला की रडून घ्यायची, म्हंजे कुणी इचारत न्हाय.

तवर बिद्रीकडनं मोना नावाच्या पोरीचं स्थळ आलं. जोतीरामच म्हणाला, दादा, दोन घरांमधलं दार उघडूया, पावण्यांस्नी पुढचं घर तुझंच म्हणून दावूया. लगीन झाल्यावर काय सांगायचं ते सांगू. बाळासो दोन दिस न्हाय न्हाय म्हणला आन् पोराच्या तोंडाकडं बघून व्हय म्हणला.

आता बघ, त्याच हप्त्यात पंचायतीची घरपट्टीची नवी आकारणी लागल्याली. म्हंजे टेपानं घर मोजायचं, स्लॅबला चढा दर, कौलाला कमी, मातीच्या भितीला आणखी कमी. घर जेवढं जुनं तेवढी घट धरायची, आन् त्यावर घराची किंमत काढून पट्टी बसवायची. त्यामुळं सगळं गाव घरं लहान करायच्या मागं. कुणी टाईल्सवर शेणकाला मारलाय, कुणी वरच्या खोलीत कडबा कोंबून हितं कोण ऱ्हात न्हाय म्हणतंय. एकानं तर दुकानाच्या गाळ्यात म्हस बांधली. आन् ह्या समद्यात बाळासो एकटाच घर मोठं करत हुता.

पावणं आलं. ऊन असलं की म्हशी पाण्यातनं निघंनात, पर जोतीरामच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, फॅन गरागरा. पोरीचा मामा पोहे खात टाईल्स निरखत हुता. तेवढ्यात दारात टेप घिऊन मोजणीची पोरं. बाहेरनं आल्याली, कोण कुणाचं त्यांस्नी काय ठावं. पंचायतीच्या जुन्या दप्तरात दोन्ही घरं अजून त्यांच्या वारल्याल्या बापाच्याच नावानं. म्हणून त्यातलं एक पोरगं म्हणालं, मालक कोण त्यांनी दारात उभं ऱ्हावा, फोटो काढायचाय.

मामाचा चमचा तोंडापाशीच थांबला. बाळासोनं भावाकडं बघितलं. जोतीराम भितीला टेकून उभा हुता, त्यो हसून म्हणाला, "दादा, उभा ऱ्हा की. लाजतुयास काय?"

आन् बाळासो उभा ऱ्हायला लेका, भावाच्या दारात. पोरानं फोटो काढला, घर त्याच्या नावानं लिवलं आन् मागं बोट केलं. "आन् ते पडकं कुणाचं?"

"माझं," जोतीराम म्हणाला.

मामा खूश झाला, पर माणूस पक्का. पंचायतीत यादी लागू दे, मालकाचं नाव बोर्डावर बघतो, मग सुपारी फोडू, म्हणून गेला.

यादी लागली. पुढचं घर बाळासोचं, मागचं जोतीरामचं. हरकत असली तर सुनावणीला या, न्हायतर यादी कायम. ग्रामसेवकानं सांगितलं, बाबांनो, पट्टी लागली म्हंजे मालकी लागत न्हाय. पर गावात कोण ऐकतंय? पारावर बोलाय लागली, थोरल्यानं धाकट्याला बरूबर कडंला काढला. जोतीरामची बायको निशिगंधा भांडली न्हाय, रडली न्हाय. एक दिस केरसुणी हातात घिऊन दारातच इचारलं तिनं, "भावजी, ह्यो सोपा आता मी झाडायचा का चिमणाआक्कांनी?"

बाळासोचं जेवाण तुटलं. जोतीराम म्हणायचा लगीन हुईस्तवर गप बस. चिमणाबाई तर पायाच पडली. पर बाळासोच्या डोस्क्यात एकच, उद्या मी मेलो तर? राजवर्धनला पोरं हुतील, ती म्हणतील आज्ज्याचं घर हाय, जोतीच्या पोरांस्नी भायेर काढतील. आज उभा ऱ्हायलो त्यो मी, आन् निस्तरायचं त्यांनी?

सुनावणीला पंचायतीत गर्दी. प्रत्येक जण म्हणतोय माझं घर एवढ्या किमतीचं न्हाय. मामा बी बोर्ड वाचून बाकावर येऊन बसल्याला, पिशवीत सुपारीचा नारळ. राजवर्धन इस्त्रीचा शर्ट घालून दारात.

ग्रामसेवकानं नाव पुकारलं. बाळासो उठला. पोराकडं बघितलं न्हाय त्यानं, बघितलं असतं तर बसला असता.

"हरकत हाय साहेब," म्हणाला. "फोटोत मी हाय, पर घर जोतीचं. माझं मागचं, मातीचं."

मामा उठला. पिशवी उचलली, चपला घातल्या आन् गेला. जोतीराम तितंच भावावर खवळला, तुला कुणी सांगितलतं म्हणून. मग त्याच्याच गळ्यात पडून रडला.

आता राजवर्धन धारा काढतोय, डेअरीला जातोय, पर बापाशी शब्द न्हाय. चिमणाबाई ताट ठेवती आन् पाठ फिरवती. बाळासो त्या टेकूच्या भितीला बसून असतोय, कुणी हाक मारंल म्हणून.

गाव म्हणतंय म्हातारा खुळा. माझं मलाच कळंना झालंय. तू सांग भावा, पोरगं दारात उभं, भाऊ शेजारी, आन् तुझं नाव पुकारलंय. तू काय केलं असतंस?