माझ्या पाठीवरचे मीठ

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. माझे नाव पातो. मागचा डावा पाय वाकत नाही, म्हणून हल्ली मी जाकीनबाईच्या दाराशी उन्हात पडून असतो. येणारेजाणारे मला ओलांडून जातात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हंडीत कधी ना कधी मी आणलेले मीठ पडले आहे.

आमचे गाव फ्रान्सच्या राज्यात, मेन प्रांताच्या अगदी कडेला. ओढा ओलांडला की ब्रिटनी लागते. तिकडे मीठ मातीमोल होते. इकडे राजाच्या करामुळे तेच मीठ सोन्याच्या भावाने मिळे. शिवाय ठरवून दिलेले मीठ घरटी विकत घ्यावेच लागे, मग हंडीत शिजायला काही असो वा नसो. गढीवरच्या उमरावाला ही सक्ती नव्हती आणि मठातल्या धर्मगुरूंनाही नव्हती. जाकीन विधवा होती. मागावर कापड विणून ती कसेबसे पोट भरी.

मी वर्षाचा झालो तेव्हा तिचा दीर आंब्रवाज याने कुठून तरी चोरटे मीठ पकडणाऱ्या मीठ-शिपायाचा जुना निळा डगला आणला. तो अंगात घालून त्याने मला काठीने झोडपले. मी कळवळून जाकीनकडे धावलो, तर तिने तोंड फिरवले.

"पुरे की हो भावजी! मरेल तो!"

"वहिनी, आज चार काठ्या खाईल, तर उद्या हा डगला बघून लांबून पळेल. शिपायाची गोळी काठीसारखी नसते."

असा मी शिकलो. मग मला ओढ्यापलीकडे ब्रिटनीत नेऊन दोन दिवस उपाशी बांधून ठेवत, पाठीवर मिठाच्या थैल्या आवळत आणि सोडून देत. पोटात आग घेऊन मी धुक्यातून, काटेरी कुंपणांखालून घराकडे सुटायचो. घरी जाकीन पेजेचे भांडे घेऊन उभी असे. ती आधी माझे कान चाचपून पाही आणि मगच थैल्या सोडी. त्यातले मूठमूठ मीठ शेजारीपाजारीही जाई. "काय गुणाचा आहे गं तुझा पातो!" असे बायका म्हणत. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. मी तर न खाल्लेल्या मिठालाही जागलो.

वर्षे गेली. गावात माझ्यासारखे मीठ वाहणारे आणखीही कुत्रे होते. त्यांतले काही गोळीला बळी पडले, काही ओढ्यात वाहून गेले. कर मात्र वाढतच राहिला. आंब्रवाज चिडून म्हणे, "राजाने समुद्रापार लढाया केल्या. त्यांचं कर्ज आता आपल्या पेजेतून फेडतोय. गढीवाल्यांच्या ताटाला हात लावायची छाती नाही ना!"

मग एका उन्हाळ्यात गारांनी उभे पीक झोपवले. त्यामागून आलेल्या थंडीत ओढाही गोठला आणि पाव महाग झाला. कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. त्या दिवसांत मी जास्तच खेपा करत होतो आणि थकलोही होतो. एका सकाळी ओढ्याच्या बर्फावर पाय घसरला आणि त्याच वेळी मागच्या डाव्या पायात गोळी लागली. तरी मी घरी पोहोचलो. मला दुसरे काही येतच नव्हते.

पण बर्फावर माझ्या रक्ताची वाट उमटली होती. त्या वाटेने शिपाई दारात आला. तो फ्लोरां होता, पलीकडच्या गल्लीतला. घरी खायला नाही म्हणून त्याच वर्षी तो शिपायांत भरती झाला होता.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, हा कुत्रा माझा नाही, असं म्हणा. मी याला इथेच गोळी घालतो आणि जातो. साहेब कोपऱ्यावर उभे आहेत. लवकर बोला."

जाकीन माझ्याकडे पाहत राहिली. तिचा हात माझ्या ओल्या पाठीवर होता. तो तिने काढला नाही.

"माझाच आहे," ती म्हणाली. "त्या मुक्या जनावराला कशाला मारतोस? थैल्या माझ्या आहेत."

"काकू, असं नका करू!"

"तुझ्या आईनेही हेच मीठ खाल्लंय, फ्लोरां. चल, कुठे यायचं ते सांग."

दंड भरण्यासारखे घरात काही नव्हते, म्हणून तिला तुरुंगात नेले. माझा पाय आंब्रवाजने बांधला. वसंतात राजाने प्रजेची गाऱ्हाणी लिहून मागवली, तेव्हा सारे गाव चर्चमध्ये जमले. दाराबाहेर मला आंब्रवाजचा आवाज ऐकू आला, "सगळ्यात आधी मीठ लिहा!" त्यामागोमाग कितीतरी माणसे एकदम बोलू लागली.

पुढे पॅरिसमध्ये बरेच काही उलथले म्हणतात. ते मी पाहिलेले नाही. मिठाचा कर उठला आणि जाकीन घरी आली, एवढे मी पाहिले. तिचे केस पांढरे झाले होते आणि खोकल्याने तिला दोन पावलेही चालवत नव्हते. बाजारात मीठ उघडपणे, स्वस्तात मिळू लागले. मग गावाला आमची गरज उरली नाही. माझ्या सोबत्यांना लोकांनी दगड मारून हाकलले.

आंब्रवाजही एकदा म्हणाला, "वहिनी, हा लंगडा आता काय कामाचा? तुम्हालाच पाव पुरत नाही."

जाकीनने हातातला पाव मोडला आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही.

मित्रांनो, तुमच्या दाराशीही एखादा थकलेला जीव पडला असेल. तो आता काय कामाचा, असे विचारू नका. त्याला थोडी सावली द्या, घोटभर पाणी द्या.

जाकीन आतून हाक मारते आहे. मला उठायला हल्ली फार वेळ लागतो. पण ती थांबते.