अजून सेटल नाही

"मॅडम, बसला का गाळ?" फिटरभाऊंनी जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

"आत्ता तर ढवळणी बंद केलीय. सेटल व्हायला वेळ लागतो."

"माझं पोट कालपासून सेटल नाही, ते कोणी विचारत नाही."

"तुरटी देऊ थोडी?"

"नको बाई, घरी बायको पाजते तेवढे काढे पुरे आहेत," म्हणत ते स्टूल ओढून बसले. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, नदी गढूळ झाली होती. केमिस्टबाई सांगतील तेवढी तुरटी आज गावाच्या पाण्यात पडणार होती.

टेबलावर काचपात्रं ओळीने उभी होती. पहिल्यात तुरटी सर्वांत कमी, शेवटच्यात सर्वांत जास्त. गढूळ पाण्यातले कण एकाच जातीच्या विद्युतभाराचे असतात. एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी पडली की तो विरोध मावळतो, ते बिलगतात, जड होतात आणि तळाशी जातात. सगळी नोकरी हेच बघण्यात गेली होती, तरी पहिला पुंजका खाली निघाला की बाई अजून श्वास रोखत.

फोन वाजला. लेकीचा. तिकडे आत्ता पहाट असणार.

लेक परदेशी शिकायला गेली आणि नोकरीसाठी तिथेच राहिली, तेव्हापासून बाई दर फोनवर विचारत, "रुळलीस का गं?" आणि ती म्हणे, "कुठचं! अजून सेटल नाही झाले." कधी घर बदलायचं असे, कधी थंडी सोसत नसे, कधी बोलायला माणूस नसे. "होशील हळूहळू," असं बाई तोंडाने म्हणत. फोन ठेवला की हलक्या पायांनी घरभर फिरत आणि तिच्या खोलीतली चादर बदलत.

"आई, कामात आहेस?"

"बोल गं. एवढ्या पहाटे?"

"झोपच येईना. अगं, मला कायम केलं! आणि घरपण घेतलं, छोटंसं. मागे एक झाडसुद्धा आहे. सेटल झाले गं बाई एकदाची."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय. फार बरं झालं."

"रडतेस की काय?"

"छे! समोर सॅम्पल आहे, हलायला नको, म्हणून हळू बोलतेय."

लेक हसली. "तू आणि तुझं सॅम्पल! बरं ऐक, आता माझ्या खोलीत तू झोपत जा. तिकडे वारा येतो. किती दिवस त्या कोंदट खोलीत राहणार?"

"बघू."

फोन ठेवल्यावर फिटरभाऊंनी विचारलं, "काय म्हणते लेक? येतेय का?"

"सेटल झाली."

"वा! सुटलात म्हणजे तुम्ही!"

बाईंनी वाकून एकेक पात्र पाहिलं. चौथ्यात गाळ तळाशी एकसारखा बसला होता. वरचं पाणी इतकं निवळलं होतं, की मागच्या भिंतीवरचं घड्याळ त्यातून स्वच्छ दिसत होतं. फक्त उलटं, डावीकडचं उजवीकडे.

"चौथं," त्या म्हणाल्या. "एवढी तुरटी पुरे."

"मग हे ओतून टाकू?" फिटरभाऊंनी हात पुढे केला.

"नको. धक्का लावू नका," बाई म्हणाल्या. "राहू द्या थोडा वेळ तसंच."