पाहुण्याचं बकरं

फुलचंद येणार म्हणून मी खोलीपुढची वाळू झाडून घेतली, पिंपात ताजं पाणी भरलं आणि कळपातलं एक काळं बकरं वेगळं काढून खजुराच्या बुंध्याला बांधलं. मेडशीजवळचं आमचं गाव सोडून मी ओमानात आलो त्याला आता इतका काळ झाला आहे की बागेतली निम्मी झाडं माझ्या हातची आहेत. पण तेवढ्या काळात गावचा एकही माणूस माझ्या दारात आला नव्हता. फुलचंद पहिला. त्याचा मुलगा मस्कतला नोकरीला लागला, त्यानं बापाला बोलावून घेतलं, आणि बापानं माझ्याकडे यायचा हट्ट धरला. परत गेल्यावर तो जे सांगेल तेच गाव माझ्याबद्दल मानणार होतं. जगदेवनं पाहुण्याला वरणभात घालून वाटेला लावलं, असं कोणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं.

शाळेत मी फारसा गेलो नाही. पण बकरं कापावं ते जगदेवनं, असं आमच्याकडे म्हणत. मरीमायचं बकरं दरसाल आमच्याच घरून जायचं, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानंच कापायचं, असा नेम होता. फुलचंद मागचे पाय धरायचा आणि मी एका घावात मान वेगळी करायचो. त्याला रक्त पाहवत नसे. घाव पडताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि मी त्याला हसायचो. मी इकडे आल्यापासून गावचं ते बकरं राहून गेलं ते राहूनच गेलं, पण माझा हात गेला नाही. मागच्या हिवाळ्यात कुत्र्यांनी कळपातली पिल्लं फाडली, तेव्हा त्यांतल्या एकाला मी फावड्यानं ठेचून कुंपणावर लटकवलं. पुन्हा एकही कुत्रं फिरकलं नाही. बागेच्या मालकाच्या घरचं बकरं त्यांचा माणूस त्यांच्या रीतीनं कापतो. माझ्या ताटातलं मी माझ्या रीतीनं कापतो. मालकाला ते ठाऊक आहे आणि तो मध्ये पडत नाही.

दुपारी सडकेवर टॅक्सी थांबली आणि फुलचंद उतरला. हातात एकच कापडी पिशवी. पुष्कळ वाळला होता. गळ्याची हाडं वर आली होती, पण चालणं तेच, डावा पाय जरा ओढून टाकायचं.

"अबे जग्या, तू त चांगला भरला बे," तो म्हणाला.

"आन् तू वाळला. सून खायले देत नाही काय?"

"देते न. म्याच सोडलं हाये."

"कायले?"

"काम होयेपर्यंत."

त्यानं मला मिठी मारली. त्याचे हात माझ्या खांद्यांवरून बरगड्यांवर आले, बरगड्यांवरून कमरेपर्यंत गेले, आणि मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना त्यानं अंगठे दाबून पाहिले. मांस किती आहे ते असंच पाहतात. रिसोडच्या बाजारात मीच त्याला ते शिकवलं होतं. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी भेटला म्हणून माणसाला हात कुठं ठेवावा ते कळेनासं झालं असेल.

खाटेवर बसवून मी त्याला पाणी दिलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं, प्यायला नाही. मी बायकोचं, पोरांचं विचारत गेलो आणि तो एकेकाचं सांगत गेला.

"रंगू कशी हाये?"

"बरी हाये. मसाला वाटून राह्यली होती मी निघालो तवा."

"मंग माह्यासाठी काहून नाही देल्ला?"

"तो तिकडंच लागते न."

"आन् मुन्ना?"

"लाकडं फोडून राह्यला. राखीबी आली हाये, जावई आले, लेकरं आले. तुह्यं आंगन भरलं हाये बे सारं."

"सण हाये काय काही?"

फुलचंदनं माझ्याकडे पाहिलं. "तुले सांगितलं नाही त्यायनं?" असं म्हणून तो थोडा हसला आणि पिशवीत हात घालून त्यानं एक लांबट गाठोडं काढलं. रंगूबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा मी लगेच ओळखला. आत आमच्या घरचा सुरा होता, मुठीवर बापाच्या हाताची झीज असलेला. पात्याला नवी धार लावलेली होती.

"मोठ्या बॅगीत टाकून आनला इमानातून," तो म्हणाला. "वयनीनं देल्ला. म्हने, परक्याच्या लोखंडानं नको."

माझे डोळे भरून आले. मी तसा रडणारा माणूस नाही. इतक्या लांब राहूनही बाईनं माझ्या हाताची आठवण ठेवली, एवढंच मला त्या वेळी वाटलं. त्या रात्री मीही जेवलो नाही. पाहुणा उपाशी असताना यजमानानं खाऊ नये.

सकाळी समुद्राकडून गार वारा सुटला होता. मी आंघोळ करून उघड्या अंगानं बाहेर आलो. काळं बकरं ओढून आणलं, सुरा कमरेला खोचला आणि बादली उचलली. आमची रीत अशी, की कापण्याआधी बकऱ्याच्या डोक्यावरून पाठीवर पाणी सोडायचं आणि मागं सरून उभं राहायचं. बकऱ्यानं अंग झाडलं, म्हणजे त्यानं हो म्हटलं. मगच सुरा उचलायचा. ते झाडत नाही तोवर ऊन डोक्यावर आलं तरी हात लावायचा नाही. लहानपणापासून मी हा नेम पाळला आणि दुसऱ्यांना पाळायला लावला. नेम मोडला म्हणून गावच्या एका पोराच्या थोबाडीतही मारली होती.

मी पाणी सोडलं. बकरं हललं नाही. पाणी त्याच्या दाढीवरून, पोटावरून गळत राहिलं, केस अंगाला चिकटले, वारा लागत होता, तरी ते दगडासारखं उभं. पुन्हा बादली ओतली. तसंच. मग मी तपकिरी बकरं आणलं, त्याच्यामागून एक ठिपक्यांचं आणलं. तिन्ही भिजलेली बकरी खजुराखाली ओळीनं उभी राहिली आणि एकाचीही कातडी थरथरली नाही. अंगावर पाणी पडलं की कुठलंही जनावर अंग झाडतंच. त्यात देवाचं काही नाही, हे मलाही कळतं.

"नाही म्हनून राह्यले ते," फुलचंद खाटेवरून म्हणाला.

"गप रे."

"त्यायची पाळी नसन."

माझं डोकं फिरलं. पाहुण्यासमोर, माझ्याच दारात, जनावरांनी माझी लाज काढली होती. काळ्या बकऱ्याच्या बरगडीत मी लाथ घातली, त्याला खाली पाडलं आणि मानेवर गुडघा दिला.

"धर पाय."

"म्या कायले धरू? त्यानं हो म्हटलं नाही."

मी घाव घातला. जन्मात पहिल्यांदा मी जनावराच्या मर्जीवाचून घाव घातला, आणि सुरा हाडावर अडकला. उपसून दुसरा घातला, मग तिसरा. रक्त माझ्या तोंडावर उडालं, भिंतीवर उडालं, मुठीवरची पकड निसरडी झाली. तरी मी घाव घालत राहिलो. मला आता कापायचं नव्हतं, ठेचायचं होतं. बकरं ओरडलं नाही आणि त्यानं पायही झाडले नाहीत. मान कातडीच्या पट्टीवर लोंबकळू लागली तेव्हा मी थांबलो. धाप लागली होती. मी वर पाहिलं. फुलचंदनं डोळे मिटलेले नव्हते.

तेवढ्यात खाटेवरचा माझा फोन वाजला. मुन्नाचा व्हिडिओ कॉल होता. माझे हात रक्तानं भरलेले, म्हणून फुलचंदनंच तो उचलून माझ्यापुढे धरला.

माझं अंगण दिसलं. दगडांच्या चुलींवर मोठमोठी पातेली चढवलेली होती, खाली जाळ होता, आणि पातेली रिकामी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत पंगती बसल्या होत्या, साऱ्या गावाच्या, बाया, म्हातारे, लेकरं, प्रत्येकापुढे पत्रावळ मांडलेली. कोणी बोलत नव्हतं. लेकरंही नाहीत. रंगूबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे आली.

"झालं काय?" तिनं विचारलं.

"हे बिघडलं," मी म्हणालो. "दुसरं घेतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "फुलचंदभाऊ," ती म्हणाली, "पानी डोक्यावरून सोडजा. पाठ भिजली पाह्यजे."

"हाव वयनी."

त्यानं फोन उशीला टेकवून उभा ठेवला. मग माझ्यापाशी येऊन त्यानं मुठीवर आखडलेली माझी बोटं एकेक करून सोडवली आणि सुरा काढून घेतला. पूर्वी मी त्याला एका हातानं आडवा पाडत असे. पण माझी सगळी ताकद त्या बकऱ्यात गेली होती, हात खांद्यापासून लुळे झाले होते.

"फुल्या, काय करून राह्यला बे?"

"काई नाही. उभा राय."

त्यानं बादली उचलली आणि माझ्या डोक्यावर ओतली. पाणी मानेवरून पाठीच्या पन्हाळीत उतरलं आणि टाचांशी येऊन लाल होऊन वाळूत जिरलं. फुलचंद मागं सरला आणि थांबला.

"जबरी नाही," तो शांतपणे म्हणाला. "आपल्यात जबरी करत नाहीत. तूच सांगत होता साऱ्यायले. तू हो म्हनशीन तवाच."

फोनमध्ये मुन्नानं कुऱ्हाड खाली ठेवली. राखीनं मांडीवरच्या लेकराचं तोंड माझ्याकडे वळवलं. रंगूबाईनं चुलीत एक लाकूड सारलं.

वारा खजुरांतून आला आणि ओल्या पाठीवर बसला. अंगावर काटा उभा राहिला. मी दात आवळले, पाय वाळूत रोवले, श्वास छातीतच धरला. पाठीवर कुठंतरी एक स्नायू उडू पाहत होता, तो मी दाबून ठेवला. भिजलेली दोन बकरी माझ्याकडे पाहत होती.

मेलेल्या बकऱ्यावरून एक माशी उठली, माझ्या मानेवर येऊन बसली आणि सावकाश कानाकडे चालू लागली.