डोंगरावरचं डिझेल

तर ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबाजीकाकांच्या, आणि आम्ही दोघं ती ओढतोय. खरंच सांगते. मी डोक्यावर हेल्मेट घातलेली इंजिनीअर बाई, समोर लुंगीवर स्वेटर चढवलेला साठीचा माणूस, आणि मध्ये आमच्या कंपनीचा नवाकोरा हीट पंप, नखशिखान्त गुंडाळलेला. आता तुम्हीच बोला, बाहेरच्या हवेतली ऊब खेचून घरात न्यायची एवढंच त्या मशीनचं काम, आणि ह्या माणसाने त्याचं नाकतोंड दोरीने आवळून ठेवलंय. मला काय वाटणार? मुद्दाम केलंय, दुसरं काय.

काकांचं म्हणणं, दोन दिवस शमाल, इकडचा धुळीचा वारा, सुटलाय, धूळ आत जाईल. आणि ते तसं खोटंही नव्हतं, कारण इथे थंडीत एसी बंद करतात तेव्हा बाहेरचं युनिट झाकूनच ठेवतात सगळे, आणि आमचा पंप दिसतो डिट्टो एसीसारखा. पण फिरदोस, माझा टेक्निशियन, गाडीला टेकून उभा होता, तो हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, इतना भोला कोई नहीं होता."

थांबा, आधी घर सांगते, नाहीतर कळणार नाही. रास अल खैमाच्या वर, डोंगरात, रस्ता संपतो तिथे ते घर. तुम्ही म्हणाल यूएईत हीटिंग कशाला, मीही म्हटलं होतं, पण जानेवारीत तिथे जाऊन बघा, पहाटे दात वाजतात. घराचे जुने मालक, थोरले अरबाब, त्यांच्या बायकोचे सांधे थंडीत धरायचे, म्हणून त्यांनी हौसेने डिझेलचा बॉयलर आणि खोलीखोलीत गरम पाण्याचे रेडिएटर बसवून घेतले. बॉयलर सांभाळायला सिमेंट फॅक्टरीतून एक पोरगा उचलून आणला. तो पोरगा म्हणजे हे बाबाजीकाका, वेंगुर्ल्याकडचे. तेव्हापासून बॉयलरच्या शेजारच्या खोलीत राहतात. उन्हाळ्यात खजुरांना पाणी, थंडीत बॉयलर. थोरले अरबाब वारले, मुलं खाली शहरात गेली, आता वर फक्त म्हातारी आहे. तिला सगळे मामा म्हणतात, इकडे कामाला असणारी माणसं घरच्या मालकिणीला मामाच म्हणतात. आणि तिच्या सोबतीला ताजबी, कडप्प्याची कामवाली.

नोव्हेंबरमध्ये मामाच्या मुलाने, म्हणजे आताच्या अरबाबने, आमच्याकडून हीट पंप घेतला. बॉयलर काढला नाही, जोडीला ठेवला. मामाच्या खोलीत पुरेशी ऊब आली नाही तरच बॉयलर आपोआप पेटेल, अशी सेटिंग. म्हणजे डिझेल अगदी थोडं लागायला हवं, बरोबर? तर डिझेलचा टँकर येतोय पूर्वीसारखाच. आणि टाकीची किल्ली बाबाजीकाकांच्या करगोट्याला.

दुबईत देऱ्याच्या ऑफिसमधून निघताना आमचे बॉस चारुदत्त सर मला म्हणाले होते की एकतर तो बाबाजी डिझेल विकतोय, नाहीतर आपलं मशीन बंद पाडतोय, दोन्हीपैकी काय ते बघून ये. आणि कारणही होतं ना. मशीन नीट चालायला लागलं की बाबाजीची गरज नाही, व्हिसा संपला की घरी पाठवायचं, असं मुलाने सरांना सांगून ठेवलेलं. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांना माहीत होतं. मी गाडीतून उतरले तेव्हाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्यांचं तिकीटच घेऊन आलेय.

ताडपत्री काढली शेवटी. मशीन सुरू केलं, मस्त चाललं, काही प्रॉब्लेम नाही. मी म्हटलं चला, आता बॉयलर बंद होईल थोड्या वेळात. बसलो वाट बघत. बॉयलर चालूच. तासभर झाला, चालूच.

तेवढ्यात फिरदोस गायब. बघते तर हा काकांच्या खोलीत शिरून खाटेखाली वाकलाय. प्लॅस्टिकचा मोठा कॅन बाहेर ओढला, झाकण उघडलं, नाक लावलं, आणि त्याचं तोंड असं झालं. कोकमाचं आगळ होतं, गावाहून आणलेलं. काका दारात उभे. आत आले, कॅन त्याच्या हातातून घेतला, झाकण घट्ट लावलं, परत खाटेखाली सरकवला, आणि मग आम्हाला विचारलं की जेवणार ना. ते जास्त लागलं मला, शिवी दिली असती तर बरं.

जेवलो. भात, सुक्या बांगड्याचं तिखलं, आणि त्याच आगळाची सोलकढी. फिरदोसने तीन वेळा घेतली, बेशरम. काका जेवताना माझ्याकडे बघतच नव्हते. मग एकदम म्हणाले, "तू आमच्याकडलीच ना गो बाय? मगे तुका हय कोणी धाडल्यान?"

मी म्हटलं मी कुडाळची, आणि कंपनीने धाडलं. त्यावर मान हलवली नुसती. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की घरी कोण आहे, जायचं नाही का आता. तर म्हणाले बायको आहे, ठकुबाई, मुलाने नवीन घर बांधलंय, सुटीवर गेलं की आपल्याला खुर्ची आणून देतात आणि चहात साखर किती घालायची ते विचारतात. स्वतःच्या घरात. मग भाताचं शेवटचं शीत उचलत म्हणाले, "थय जावन मी काय करू? थय थंडीच नाय."

मला हसू यायला लागलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून दाबलं.

आणि ऐका, इतकी वर्षं त्या घरात राहून हा माणूस घराच्या आत कधी गेलेला नाही. एकदाही नाही. बायकांची बाजू, पुरुषाने जायचं नाही, सरळ हिशोब. मामाची खोली कशी आहे, रेडिएटर कुठल्या भिंतीला आहे, काही ठाऊक नाही. ती उबेत आहे की नाही हे त्यांना कसं कळतं माहितेय? खोकल्यावरून. बॉयलरच्या खोलीत उभं राहून कान द्यायचा, खोकला आला की आच वाढवायची. आणि यंदा मामा फार खोकते, म्हणजे तुमच्या मशीनात दम नाही, असं मला ठणकावून सांगितलं. मला वाटलं, बघा, आपली बाजू कशी मांडतोय.

जेवण झाल्यावर मला सुचलं, जे खरं सकाळीच सुचायला हवं होतं. बॉयलरच्या बर्नरला एक मीटर असतो, तो किती तास जळला ते दाखवतो. मी तो बघितला, टँकरच्या डिझेलशी ताडून पाहिला. तंतोतंत. म्हणजे डिझेल चोरीला जात नव्हतं, जळतच होतं. पण मग बॉयलर पेटवतंय कोण? हाताने पेटवायची सोय आम्हीच बंद केलेली, पेटलेल्याची आच तेवढी काकांना कमीजास्त करता यायची. पेटवू शकतं फक्त एकच, मामाच्या खोलीतला थर्मोस्टॅट. आणि तो बसवला कोणी? ताजबीने. फिरदोस पुरुष, तो दाराबाहेर उभा राहून सांगत होता, तांबडी वायर इकडे, काळी तिकडे, आणि आत ताजबी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मी फिरदोसकडे असं बघितलं. तो म्हणाला, क्या करता मॅडम, दूसरी औरत नहीं थी. म्हणून तर सरांनी ह्या वेळी मला पाठवलं होतं.

गेले आत. ताजबीने दार उघडलं आणि लगेच खाली बघायला लागली. मी म्हटलं हिच्या पण पोटात काहीतरी आहे. जिना चढून लांब पॅसेज, बुखूरच्या धुपाचा वास, आणि शेवटची खोली मामाची. आत पाऊल टाकलं आणि मला हुडहुडीच भरली. रेडिएटरला हात लावला, चटका बसला. म्हणजे रेडिएटर तापून लाल आणि खोली गार. थर्मोस्टॅट अगदी बरोबर बसवलेला, ताजबीला सलाम. मग कोपऱ्यातला जाड पडदा हलला. फुगला आणि बसला. मी जाऊन बाजूला केला, तर मागे खिडकी, दोन्ही दारं सताड उघडी, डोंगराचा वारा सरळ आत.

आणि मामा पलंगावर, दोन ब्लँकेटं आणि वर शाल, एवढीशी, नाक तांबडं, माझ्याकडे बघतेय. पकडली गेलेली माणसं जशी बघतात तशी नाही हां. मीच चोर आहे तशी.

मी पुढे होऊन खिडकी लावायला गेले, तर तिने काठी उचलली. इकडच्या जुन्या लोकांना हिंदी येतं, मुंबईच्या व्यापाऱ्यांमुळे. म्हणाली, "खिडकी छोड़ो. मशीन अच्छा, तो बाबाजी खलास. मशीन अच्छा नहीं, तो बाबाजी इधर."

आणि खोकायला लागली.

ताजबी हळूच सांगायला लागली की मुलगा फोनवर बोलताना मामाने ऐकलं, मशीन बसलं त्याच आठवड्यात, आणि तेव्हापासून खिडकी उघडी. ताजबीने लावली की मामा उठून पुन्हा उघडते. मुलाला सांगितलंस तर तुलाही कडप्प्याला पाठवीन, अशी धमकी दिलेली.

पण मला सांगा, माझ्या डोक्यात काय आलं असेल? मला वाटलं, अच्छा, म्हणजे बाबाजीनेच म्हातारीला पढवलं. स्वतः साधा राहून तिच्या हातून मशीन फेल करायचं. तशीच तरातरा बाहेर आले. काका बॉयलरच्या दारात बादली पालथी घालून बसलेले. मी विचारलं की काका, खिडकीचं तुम्हीच सांगितलंत ना तिला? तर ते म्हणाले, खंयची खिडकी?

मी सांगितलं सगळं. मामा काय म्हणाली तेही सांगितलं, जसंच्या तसं.

ते ऐकताना त्यांचा चेहरा, कसं सांगू, मला वाटलं होतं की खूश होतील, किंवा घाबरतील, किंवा नाटक तरी करतील. मी नीट बघत होते ना, कुठे पकडता येतंय का. काहीच नाही. नुसतं विचारलं, "कधीपासून उघडी असा ती?"

म्हटलं मशीन बसलं तेव्हापासून. दोन महिने.

"दोन महिने," ते म्हणाले. "आणि मी खुळो हय आच वाढवायला बघतंय. म्हातारा माणूस ता, न्युमोनिया होयत." आणि उठले.

मी मागून गेले, म्हटलं काका ऐका तरी. खरं म्हणजे तोवर माझा विचार बदलला होता. मी म्हणणार होते की मी सरांना काहीतरी टेक्निकल सांगते, सेन्सरचा फॉल्ट वगैरे, निदान ही थंडी निघेल. पण ते थांबलेच नाहीत. घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, जिकडे ते कधी जात नाहीत. ताजबी गॅलरीतून बघून ओढणी तोंडाला लावून उभी राहिली. काका खिडकीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. वर बघितलं नाही. मान खाली घालून, भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"मामा. दरीशा बन्नद. बर्द वाजिद."

खिडकी लाव, फार थंडी आहे. एवढं अरबी मलाही कळतं.

वरून काठीचा आवाज, मग तिचा आवाज अगदी जवळून, पडद्यामागे येऊन उभी राहिली असणार. म्हणाली की नाही लावणार.

काका भिंतीजवळ सरकले. मग हिंदीत म्हणाले, "मामा, मैं खुद जाता है. अरबाब को मैं बोला. मेरा औरत बुलाता है, मेरा लड़का नया घर बनाया."

"झूठ बोलता, बाबाजी."

"नहीं मामा."

"कसम खाओ."

मला तासाभरापूर्वी सांगितलेलं ना, चहात साखर किती घालायची ते विचारतात म्हणून. तर ह्या माणसाने भिंतीला हात लावला आणि कसम खाल्ली. देवाची नाही. ठकुबाईची. म्हणाले, मेरा औरत का कसम, मेरा जाने का दिल है.

वारा तेवढा वाजत होता. मग वर खिडकीचं एक दार लागलं, मग दुसरं, आणि कडी पडली.

आम्ही परत बॉयलरच्या खोलीत आलो. मी काहीतरी बोलत होते, आठवत नाही काय, काका ऐकत नव्हते. बर्नर घुमत होता. फिरदोस बाहेर गाडी पुसत होता, एकदा आत डोकावला आणि आमचे चेहरे बघून गपचूप गेला. मग कधीतरी, अर्ध्या तासाने असेल, टक असा आवाज झाला आणि बर्नर बंद पडला. आपोआप, जसा व्हायला हवा तसा. बाहेर अंगणात आमचं मशीन घरघरत होतं, ते पहिल्यांदाच तिथवर ऐकू आलं.

काका म्हणाले, "आता लिवन टाक. मशीन बरा चलता."

मी फोन काढला, लिहायला लागले. मान वर केली तर त्यांनी खुंटीवरचं फडकं घेतलं होतं आणि बॉयलर पुसायला लागले होते, वरून खाली, पाइपाच्या मागून, हात जाईल तिथे. अजून तापलेला होता तो. बोटं भाजायची, हात मागे घ्यायचे, फडक्याची घडी बदलायचे, आणि पुन्हा पुसायला लागायचे.