स्थळबंदी

वरून परिपत्रक आलं आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या आमच्या तक्रार विभागात हशा पिकला. त्यात लिहिलं होतं, ‘कार्यालयीन संगणकावर कर्मचाऱ्यांनी खासगी स्थळे पाहू नयेत.’ लिहिणाऱ्याला संकेतस्थळं म्हणायचं होतं. घाईत ‘संकेत’ गळला आणि उरली ती नुसती स्थळं. टेबलाटेबलावरून माना माझ्याकडे वळल्या. सबंध मजल्यावर बिनलग्नाची मी एकटी, आणि माझे बाबा रोज सकाळी ऑफिसच्या ईमेलवर मला एक स्थळ पाठवतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

मला काही हसू आलं नाही. दिवसभर लोकांच्या नळांच्या आणि गटारांच्या तक्रारी वाचायच्या, त्यात सकाळची सुरुवात ‘मुलगा सुस्वभावी, स्वतःचं घर’ अशी. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कसला आलाय मुलगा! पण आई गेल्यापासून आम्हा बापलेकीत बोलायला दुसरा विषयच उरला नव्हता. ते दुसऱ्या गावी एकटे, मी इथे एकटी. फोनवर बाबा अवघडतात. ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे’ एवढं झालं की संपलं. लिहिताना मात्र त्यांचा हात सुटतो, म्हणून या वयात ते ईमेल शिकले. मी पहिली ओळ वाचायची आणि ईमेल पुसून टाकायची.

त्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर परिपत्रक वाचून दाखवलं.

‘स्थळं पाहायला बंदी?’ बाबा चाटच पडले. ‘तुमच्या साहेबांना काय करायचंय त्याच्याशी?’

‘नियम आहे, बाबा.’

‘मग राहू दे बाई. माझ्यापायी तुला बोलणी नकोत. नाही पाठवत.’

‘संकेत’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळून टाकला. इतकी कंटाळले होते की गैरसमजसुद्धा सुट्टीसारखा वाटला.

सकाळी स्थळ येईनासं झालं. आता दिवस थेट गळतीपासून सुरू व्हायचा.

मग एका दुपारी त्रिकालज्ञ माझ्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला. आमचे संगणक सांभाळणारा हा माणूस. कोण काय बघतं, कुणाला काय येतं, सगळं त्याच्या नजरेखालून जातं, म्हणून हे नाव. तो आला की लोक बोलता बोलता गप्प होतात.

‘मॅडम, एक विचारू? रागावू नका.’

‘विचारा. तुमच्यापासून काय लपलंय?’

‘बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का?’

‘कसलं ऑपरेशन?’

तो गडबडला. ‘नाही, म्हणजे... बाहेरून येणारे ईमेल तपासायचं कामच आहे माझं. स्थळ संपलं की खाली ते थोडं स्वतःचं लिहायचे. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतंय, जिना उतरताना पायरी चुकते. सोबतीला कुणी असेल तरच ऑपरेशनची तारीख देतात म्हणाले. मग ईमेलच बंद झाले. मला वाटलं, तुम्ही रजा टाकून गेला असाल. पण तुम्ही तर रोज इथेच.’

आधी त्याचाच राग आला. माझ्या बापाचं वाचणारा हा कोण? पण त्यानं निदान शेवटपर्यंत वाचलं होतं. माझे कान लाजेनं तापले.

मी टेबलावरचा फोन उचलला. त्यावर ‘खासगी कामासाठी वापरू नये’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे. त्रिकालज्ञानं ती पाहिली आणि मुकाट्यानं शेजारच्या टेबलाखाली शिरून वायरी बघायला लागला.

‘ऑफिसातून फोन?’ बाबा म्हणाले. ‘चालतं का गं तिथे?’

‘नाही चालत. डोळ्याचं काय झालं, बाबा?’

‘वाचलं होतंस होय?’ त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. ‘काही बोलली नाहीस, म्हटलं कामात असशील.’

हो म्हणणं किती सोपं होतं.

‘नाही वाचलं, बाबा. एकदाही नाही.’

‘असू दे,’ ते म्हणाले.

‘मी उद्या येतेय. तारीख घ्या.’

‘रजा देतील?’

‘देतील. आणि ती बंदी खरी नव्हती. स्थळं पाठवलीत तरी चालेल.’

‘पाठवली असती गं,’ बाबा म्हणाले, ‘पण आता अक्षरं दिसत नाहीत.’