लाडघरच्या वाटेवर

बुरोंडीचा दादू अठ्ठावीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत राबला आणि चौऱ्याऐंशी साली कायमचा घरी आला. पहिल्याच महिन्यात त्याला चक्कर आली. दापोलीच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि बराच वेळ पाऱ्याकडे बघत राहिले.

"घरात कुणाला हृदयविकार?"

"थोरला भाऊ. अंगणात उभ्या उभ्या गेला. एक्कावन्नाव्या वर्षी."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. "बिडी आजपासून बंद. सुकी मासळी, लोणचं, सगळं खारट कमी. आणि रोज तासभर चालायचं."

"एकट्यानं?" दादूनं विचारलं.

"मी येत्ये ना," त्याची बायको दमयंती म्हणाली.

थंडीचे दिवस होते. पहाटे दोघं किनाऱ्यानं लाडघरच्या बाजूला निघत. ओहोटीच्या ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं असे. पाऊल टाकलं की ते हलकेच विस्कटे. धुक्यात होड्या पाण्यावर नव्हे, हवेतच तरंगत असल्यासारख्या दिसत. बोलणं मात्र नसे. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, पण त्यातली एकत्र काढलेली जेमतेम चार.

जेवण अळणी झालं. दादूनं ताट सरकवलं की दमयंती भातावर कोकमाचं सार ओती आणि स्वतःही तेच जेवी.

आठव्या पहाटे दादू वाळूत थांबला. खिशातून बिडी काढली. "एकच बिडी ओढतो गो."

"ओढा. पण आधी सांगा, बोटीवर माझी आठवण यायची?"

"यायची. पण चेहरा दिसायचा नाही. फोटो काढून बघायला लागायचा."

"मला तुमचा आवाज आठवायचा नाही. पत्र वाचायला घेतलं की पोस्टमनचाच आवाज यायचा."

दादू मोठ्यानं हसला. मग बोलतच सुटला. एडनचं ऊन, मध्यसमुद्रात झोपेत ऐकू आलेला गावचा कोंबडा. लाडघर आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, बिडी ओढायची राहूनच गेली.

पुढे कधी ओढलीच नाही असं नाही. दोनदा ओढली, दोन्ही वेळा दमयंतीला सांगितलं. मग बिडी सुटलीच.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, "पारा बराच उतरलाय. गोळी मात्र सोडू नका."

बुरोंडीची गाडी सुटायला अर्धा तास होता.

"पुढच्या थांब्यापर्यंत चालू या?" दादूनं विचारलं.

दमयंतीनं पदर खोचला आणि ती त्याच्याआधी रस्त्याला लागली.